मदत हवी आहे: जुन्या कौटुंबिक गाडीसाठी स्ट्रट आणि शॉकॲब्सॉर्बर कोणते निवडावेत?

नमस्कार. आमच्याकडे बारा वर्षे वापरातली, सुमारे १,४०,००० किलोमीटर चाललेली एक हॅचबॅक आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि पत्रा यांची काहीही तक्रार नसल्यामुळे ती आणखी काही वर्षे वापरायची आहे आणि त्यासाठी सस्पेन्शनचे काम एकदाच, पण नीट करून घ्यायचे आहे. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आहेत. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पीळ घेणारी आडवी तुळई) असून तिथे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर वेगवेगळे बसवलेले आहेत. चारही नग गाडीबरोबर आलेले मूळचेच आहेत.

गतिरोधकावरून उतरल्यावर मागचा भाग एकदा दबून स्थिर होण्याऐवजी पुन्हा पुन्हा वरखाली होतो. मागे माणसे आणि सामान असताना उंचसखल रस्त्यावर वेग घेतला, की गाडी होडीसारखी डुलते, आणि ब्रेक जोरात दाबल्यास नाक पूर्वीपेक्षा बरेच खाली जाते. मागच्या टायरांवरून तळहात फिरवला असता आतल्या कडेला ठरावीक अंतरावर उंचवटे आणि खळगे हाताला लागतात. पुढच्या डाव्या स्ट्रटवर तेल ओघळून त्यावर धुळीचा काळा थर बसला आहे. उजव्या स्ट्रटवर मात्र सीलजवळ केवळ ओलसरपणा दिसतो. याखेरीज, उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवले की पुढून ‘टंग’ असा आवाज येतो आणि त्याच क्षणी स्प्रिंग झटक्याने जागेवर सरकल्याचे बॉनेट उघडून पाहणाऱ्याला दिसते.

तीन ठिकाणी विचारणा केली, तर तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. पहिल्या मेकॅनिकच्या मते गळणारा डावा स्ट्रट तेवढा बदलावा. दुसऱ्याच्या मते चारही बदलावेत, मात्र वरचे माउंट (स्ट्रट बॉडीला जोडणारे रबरी आधार) ‘अजून चालतील’ म्हणून जुनेच ठेवावेत. तिसऱ्याने स्प्रिंग, माउंट आणि बेअरिंगसह जोडून आलेला संपूर्ण स्ट्रट बसवण्याचा सल्ला दिला. एकच बाजू बदलण्याचे मला मुळीच पटलेले नाही. उरलेल्या दोन पर्यायांत मात्र निर्णय होत नाही.

माझे मुख्य प्रश्न असे आहेत. गाडी नवी असताना जशी चालत होती तशी चालावी, एवढीच अपेक्षा असेल, तर ट्विन-ट्यूब घ्यावा की मोनोट्यूब? केवायबीचे एक्सेल-जी आणि गॅस-ए-जस्ट, किंवा बिलस्टाइनचे बी४ आणि बी६, असे एकाच कंपनीचे दोन-दोन प्रकार एकाच गाडीसाठी दाखवले जातात, तेव्हा त्यांतून निवड कशाच्या आधारे करायची? आणि स्प्रिंगही बदलाव्यात का? सपाट जागेवर, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, तेव्हा पुढच्या दोन्ही बाजू सारख्या भरल्या, पण मागची उजवी बाजू डावीपेक्षा १५ मिलिमीटरने खाली आहे.

प्रतिसाद १

लक्षणे इतकी नेमकी लिहिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. एकाच बाजूचा स्ट्रट बदलू नये, हे आपले मत योग्य आहे. एका चाकावर नवा आणि दुसऱ्यावर थकलेला नग असेल, तर ब्रेक लावताना किंवा वळणावर दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रकारे वागतात, म्हणून हे काम नेहमी जोडीनेच केले जाते. आपल्या वर्णनावरून पुढची आणि मागची, दोन्ही जोड्या बदलण्याच्या अवस्थेत आहेत. उजव्या स्ट्रटचा ओलसरपणा एरवी मनावर घेण्यासारखा नसतो, कारण दांडा वरखाली होताना सीलमधून तेलाचा पातळ थर बाहेर येतोच.

आता ट्विन-ट्यूब की मोनोट्यूब. ट्विन-ट्यूबमध्ये एका नळीत दुसरी नळी असते. पिस्टन आतल्या नळीत चालतो आणि बाहेरच्या नळीत उरलेले तेल व कमी दाबाचा नायट्रोजन असतो. मोनोट्यूबमध्ये एकच नळी असून तेल आणि उच्च दाबाचा वायू यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो. त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि उष्णता थेट बाहेरच्या भिंतीतून निघून जाते, म्हणून सतत खराब रस्त्यावर किंवा जोरात चालवल्या जाणाऱ्या गाडीत मोनोट्यूबची पकड टिकून राहते. मात्र आतल्या दाबामुळे दांडा सतत बाहेर ढकलला जातो, गाडी किंचित उचलली जाऊ शकते आणि बारीक खडबडीतपणा आत अधिक जाणवतो. आपण ज्या कंपन्यांची नावे घेतली, त्यांत एक्सेल-जी हा वायूभरित ट्विन-ट्यूब असून गॅस-ए-जस्ट हा मोनोट्यूब आहे. बी४ मूळ नगाच्या जागी बसवण्यासाठी बनवलेला आहे, तर बी६ हा मूळ उंची कायम ठेवून अधिक ताठ चालणारा मोनोट्यूब आहे. गाडीत मूळचे नग ट्विन-ट्यूब असतील, तर आपल्या गरजेला एक्सेल-जी किंवा बी४ याच पातळीचा नग योग्य ठरेल. मोन्रो आणि सॅक्स यांचे मूळ दर्जाचे नगही त्याच पंक्तीत बसतात. कुटुंबाच्या गाडीत ‘जास्त ताठ म्हणजे जास्त चांगले’ हा समज मला पटत नाही, कारण जुन्या स्प्रिंगवर फार ताठ शॉक बसवला, तर खड्ड्यात दबलेले चाक परत खाली यायला वेळ लागतो.

नाव कोणतेही असो, नग गाडीच्या चेसिस क्रमांकावरूनच मागवावा. एकाच मॉडेलमध्ये इंजिनाचे वजन, बॉडीचा प्रकार किंवा स्पोर्ट्स सस्पेन्शन यांमुळे स्ट्रटची लांबी, दांड्याचा व्यास आणि ब्रेक होज किंवा एबीएसच्या तारेसाठीचा ब्रॅकेट वेगळा असू शकतो. खोके उघडल्यावर जुना आणि नवा नग शेजारी धरून हे ब्रॅकेट जुळतात का, ते बसवण्याआधीच पाहावे.

‘टंग’ आवाजाबद्दल माझा संशय वरच्या माउंटच्या बेअरिंगवर आहे. स्टिअरिंग फिरवल्यावर स्ट्रट आणि स्प्रिंग दोन्ही त्या बेअरिंगवर फिरायला हवेत. ते अडकले, की स्प्रिंग पीळ साठवते आणि एकदम सुटते. त्यामुळे जुने माउंट ठेवण्याचा सल्ला इथे लागू पडत नाही. माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) आणि दांड्यावरचे धूळरोधक आवरण हे सगळे नव्यानेच घ्यावे, कारण बारा वर्षांचे रबर उरलेल्या कामाचा लाभ मिळू देणार नाही आणि पुढे पुन्हा स्ट्रट खोलायचा झाला, तर मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागेल.

मागच्या स्प्रिंगच्या बाबतीत १५ मिलिमीटरचा फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही. शॉकॲब्सॉर्बर गाडीचे वजन पेलत नाही, ते काम स्प्रिंगचे आहे. म्हणून केवळ शॉक बदलून ही बाजू वर येणार नाही. टायरचा दाब दोन्हीकडे सारखा आहे ना, हे पाहून मग स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा तपासावा. तिथेच पाणी आणि चिखल साठून गंज लागतो आणि तुकडा तुटलेला असला तरी तो बसण्याच्या खाचेत लपून राहतो. तुटलेली असो वा दबलेली, मागच्या स्प्रिंगही जोडीने बदलाव्यात. पुढच्या स्प्रिंग उंचीला सारख्या असल्या, तरी खोलल्यावर गंज किंवा तडा दिसतो का, ते पाहून मगच त्या परत बसवाव्यात.

प्रतिसाद २

नगांची मागणी नोंदवण्यापूर्वी गाडी उचलून लिंक रॉड (अँटी-रोल बार सस्पेन्शनला जोडणारा दांडा), लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या भुजेचे) बुश म्हणजे रबरी अस्तर आणि बॉल जॉइंट (गोळ्याचा सांधा) पहारीने हलवून पाहावेत. पुढून येणारा खडखडाट पुष्कळदा यांचाच असतो आणि दोष मात्र शॉकवर येतो. जोडून आलेल्या संपूर्ण स्ट्रटबद्दल सांगायचे, तर स्प्रिंग दाबण्याचे धोक्याचे काम त्यात टळते, ही सोय मोठी आहे; पण त्यातली स्प्रिंग आपल्या गाडीच्या वजनगटाची आहे याची खात्री होत नसेल, तर सुटे भाग घेणेच इष्ट. तेल भरून ‘दुरुस्त’ केलेले जुने नग कितीही स्वस्त मिळाले, तरी घेऊ नयेत.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले असता मागच्या उजव्या स्प्रिंगचा खालचा तुकडा खरोखरच तुटलेला निघाला आणि डावी लिंक रॉडही सैल आहे. चारही नग वायूभरित ट्विन-ट्यूब, मागच्या दोन स्प्रिंग, पुढची माउंट-बेअरिंगची जोडी आणि दोन्ही लिंक रॉड असे सुटे भाग घेण्याचे निश्चित केले आहे. बसवताना मेकॅनिकला आवर्जून काय सांगावे?

प्रतिसाद १

ट्विन-ट्यूब नग आडवे ठेवलेले असल्यास बसवण्याआधी उभे धरून काही वेळा पूर्ण दाबून पूर्ण ओढावेत, म्हणजे आतल्या नळीत शिरलेली हवा निघून जाते. दांडा फिरू नये म्हणून तो पकडीने धरू देऊ नये. त्याच्या चकचकीत पृष्ठभागावर ओरखडा उठला, की नवे सीलही लवकर गळू लागते. वरचा नट हाताच्या पान्याने, ठरवलेल्या टॉर्कला आवळावा, इम्पॅक्ट गनने नव्हे. मागच्या शॉकचे बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. चाक लोंबकळत असताना आवळले, तर बुशला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. पुढचे स्ट्रट सुटले म्हणजे कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांचे आत किंवा बाहेर वळलेले असणे) बदलणारच, त्यामुळे काम संपताच अलाइनमेंट करून घ्यावे. मागच्या टायरांवरचे खळगे मात्र त्यानेही भरून येणार नाहीत. ते टायर बदलेपर्यंत थोडी घरघर राहील, ती नव्या शॉकची समजू नये.