आधी भिंत पोकळ आहे का बघा

घर उन्हाने तापू नये म्हणून पश्चिमेच्या पोकळ भिंतीत (विटांच्या दोन थरांमध्ये फट असलेल्या) थर्माकोलचे मणी भरावेत का, असं एकाने विचारलंय. इंग्लंड-आयर्लंडमध्ये हे सर्रास करतात. बाहेरून विटांच्या सांध्यात भोकं पाडायची आणि मण्यांवर गोंद फवारत ते हवेच्या दाबाने आत सोडायचे. गोंदाशिवाय सुटे भरले, तर पुढे खिडकी बदलताना घरभर पांढरा पाऊस!

पण भिंत खरंच पोकळ आहे का? आपल्या सोलापुरात बहुतेक भिंती ९ इंची, भरीव. आमच्याकडे मिस्त्रीने स्विचबोर्डाशेजारी ड्रिल घातलं, तर शेवटपर्यंत लाल भुकटीच. नाद सोडला आणि गच्चीला चुना मारला. मे महिन्यात ४२-४३ अंशांत खरी भट्टी स्लॅबच असतो. आजीच्या माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जाड सपाट छपराखाली, दुपारी झोप लागायची, राव.