तुमच्या चांगल्या कॅरेक्टरनं मृत्यूचा देव कसा निवडला? (अनुभव धागा)

कडक_भाकरी:
जुळे सोलापुरात मित्राच्या गच्चीवर आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ) नवीन कॅम्पेन, म्हणजे लांबलचक गोष्ट, सुरू होतंय. बॅटलमॅप वगैरे काही नाही, चौकड्यांची चादर अंथरायची, एक चौकडा म्हणजे पाच फूट, आणि गॉब्लिन म्हणून भाजलेल्या शेंगा. मेला की खायचा.
माझा क्लेरिक, म्हणजे देवाचा पुजारी, न्यूट्रल गुड, म्हणजे नियमांच्या बाबतीत मधला पण मनानं चांगला. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणाला देव सांग, मी म्हणालो मृत्यूचा, तर आमचा पॅलाडिन (शपथेला बांधलेला योद्धा) उडालाच, म्हणे तिसऱ्या सेशनला व्हिलन होणार काय बे. फोनवर हे चाललेलं आईनं ऐकलं आणि आतून ओरडली, शुभ बोल नाऱ्या.
मला मुडदे उठवायचे नाहीत ओ. मला असा माणूस खेळायचाय जो मरणाऱ्याजवळ बसून राहतो. आजोबा गेले तेव्हा आम्ही सगळे बिल, रिपोर्ट, रक्ताची पिशवी करत पळत होतो आणि त्यांच्याजवळ कोण होतं तर शेजारच्या बेडवरच्या पेशंटची बायको, त्यांचा हात धरून तेलुगूत काहीतरी पुटपुटत. आजोबांना तेलुगू येत नव्हतं. तिचं नावपण आम्ही विचारलं नाही.
तर तुम्ही कुठला देव घेतला, का घेतला, नंतर पस्तावलात का, सगळं लिहा. लांबलं तरी चालेल.

गच्चीवरचा_डीएम:
बरेच जण फरगॉटन रेल्म्सच्या, म्हणजे या खेळातल्या एका तयार जगाच्या, मृत्यूच्या देवापाशी, केलेमव्हॉरपाशी, येऊन थांबतात. लॉफुल न्यूट्रल आहे, म्हणजे नियमाला धरून पण ना चांगला ना वाईट, गुड नाही, म्हणून काहीजण बिचकतात, पण त्याचा इतिहास बघा की. मूळचा माणूस, भाड्यानं लढणारा, आणि घराण्याला शाप असा की मोबदला न घेता कुणाचं भलं केलं तर काळा पँथर व्हायचं. फुकटात चांगुलपणा करायची सोयच नाही! असला माणूस पुढं मेलेल्यांचा न्यायाधीश झाला. सुरुवातीला चांगल्या लोकांना त्यानं इतकं सांभाळून घेतलं की त्यांना मरणाचं काही वाटेनाच, मग त्याला मन आवरून काटा सरळ धरावा लागला. चिन्ह पण तेच, हाडाच्या हातात सोन्याचा तराजू.
अडचण एकच आणि ती मोठी आहे. वॉल ऑफ द फेथलेस. ज्यानं कुठलाच देव मानला नाही त्याचा आत्मा भिंतीत चिणायचा. बांधली आधीच्या दुष्ट देवानं, मर्कुलनं, पण प्रश्न गळ्यात पडतो केलेमव्हॉरच्या भक्ताच्या. आमच्या टेबलावर एक पोरगी म्हणाली, माझ्या आजीनं जन्मभर विड्या वळून चार पोरं शिकवली, देवळाची पायरी चढली नाही, ती भिंतीत काय? तीन तास गेले, एक फासा पडला नाही त्या दिवशी. शेवटी तिनं केलेमव्हॉरचीच क्लेरिक घेतली, जी रोज सकाळी प्रार्थनेला बसते आणि त्याच्याशी भांडते. मी चालवलेल्या क्लेरिकांत तिच्या जवळपास कुणी नाही.

नियमवाला_पंटर:
देव राहू द्या, आधी डोमेन, म्हणजे क्लेरिकला कुठल्या प्रकारची शक्ती मिळणार ते, नीट घ्या. खेळाच्या फिफ्थ एडिशनमध्ये, म्हणजे पाचव्या आवृत्तीत, डेथ डोमेन आहे ते २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात, व्हिलनसाठी म्हणून दिलेलं. चांगल्या माणसासाठी ग्रेव्ह डोमेन, २०१७ च्या झनाथर गाइड नावाच्या पुस्तकात आलं. शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे जीव संपत आल्यावर, पडलेल्याला बरं करताना फासे टाकायचेच नाहीत, जास्तीत जास्त आकडा धरायचा. सहाव्या लेव्हलला जवळच्याला बसलेला क्रिट, म्हणजे जबर वार, साधा हिट करता येतो. आमचा बार्बेरियन यावरच जिवंत आहे, अक्कल म्हणून काही नाही त्याला.
आणि ज्यांना देव गुडच पाहिजे असा हट्ट आहे त्यांनी इजिप्तची यादी बघा, नेफ्थिस, मृत्यू आणि शोकाची देवी, केऑटिक गुड, म्हणजे चांगली पण नियमात न बसणारी. कुणी घेत नाही बिचारीला.

दहाव्याचा_कावळा:
मी रेव्हन क्वीन घेतली पण निवडली असं म्हणता येणार नाही. आजीच्या दहाव्याला पंढरपूरला गेलो होतो, चंद्रभागेच्या वाळवंटात पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. दीड तास. समोर पाच-सहा बसलेले, एक पुढं येत नव्हता. काका मोठ्यानं म्हणाला धाकटीचं लग्न मी लावून देतो, नाही. बाबा म्हणाले घर विकणार नाही, नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले तेवढ्यात आत्या पुढं झाली, म्हणाली आई, तुझी शेळी मी नेते. शिवला.
पुढं वर्षभरानं डीएमनं फोर्थ एडिशनचं पुस्तक समोर टाकलं आणि त्यात ही बाई, मृत्यू, नशीब आणि हिवाळ्याची देवी, चिन्ह कावळ्याचं डोकं. मी म्हणालो हिला ओळखतो मी.
आता खरी गंमत. तिची एक आज्ञा आहे की मरणाऱ्यांची कीव करू नका, मरण हा सगळ्यांचाच शेवट आहे. माझा रेंजर (रानात वावरणारा लढवय्या) गुड. डीएम म्हणाला कसं जमवणार? मी म्हणालो कीव करायची नाही ना, ठीक, राहिलेली इच्छा विचारायला कुठं मनाई आहे? तेव्हापासून माझा रेंजर पडलेल्या प्रत्येकाला विचारतो, शत्रूलासुद्धा. एका डाकूनं सांगितलं की माझ्या भावाकडून उधारी वसूल करा, ते करण्यात तीन सेशन गेले, पार्टी मला शिव्या घालते. पण अनडेडला मारताना माझा हात थरथरत नाही. झॉम्बी म्हणजे काय, ज्याला कावळा शिवलाच नाही तो.

नाइट_ड्यूटी:
मी स्टाफ नर्स, लेबर वॉर्डला. आम्ही पाथफाइंडर, तसलाच दुसरा खेळ, खेळतो, मी फरास्मा देवी घेतली. जन्म आणि मरण दोन्ही तिच्याकडं, सुईणी तिलाच मागणं मागतात, यात मला काही वेगळं वाटलंच नाही, रात्रीत दोन्ही बघते मी कधी कधी. अलाइनमेंटचा, म्हणजे गुड-न्यूट्रल-दुष्ट या कप्प्यांचा, घोळ पण होत नाही. जुन्या नियमात क्लेरिक देवापासून एक पायरी लांब चालतो, ती न्यूट्रल म्हणजे न्यूट्रल गुड बसतंय, आणि २०२३ च्या नव्या पुस्तकांत अलाइनमेंटच काढून टाकलं.
पस्तावले ते दुसऱ्याच गोष्टीला. तिच्या भक्तानं थडगं लुटायचं नाही, आणि आमच्या पार्टीचं पोटच थडग्यांवर! मग मी दाराबाहेर बसते, हे आत जाऊन गोळा करतात, हिस्सा मी घेत नाही. सहावी लेव्हल आली तरी अंगात पहिल्या लेव्हलचंच चिलखत. परवा डीएमला दया येऊन एका म्हातारीनं मला ढाल दान दिली, तर आमचा चोर विचारतो कुठल्या थडग्यातली.

एकदा_चटका_बसलेला:
माझा अनुभव वाईट आहे, थोडक्यात सांगतो. देव मी न्यूट्रल म्हणून घेतला, डीएमच्या डोक्यात तो दुष्ट होता. चौथ्या सेशनला देवानं लहान मूल मागितलं. मी नाही म्हणालो, पॉवर गेल्या, कॅरेक्टर फाडून घरी आलो, त्या ग्रुपशी बोलणं बंद. आधी डीएमला विचारा की तुझ्या जगात हा देव करतो काय, आणि चॅटवर लिहून घ्या.

कणकेचा_दिवा:
पुस्तकातलेच देव कशाला पाहिजेत? आम्ही स्वतःच्या जगात यमधर्म घेतला. घरी धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेकडं तोंड करून लावतोच की, वर्षातून एकदा का होईना त्याची ओळख ठेवतो आपण. त्यातून मला तो नचिकेताच्या गोष्टीतला आवडतो. पोरगं तीन रात्री दारात उपाशी बसलं, हा घरी आला आणि पाहुण्याला ताटकळत ठेवलं म्हणून ओशाळून तीन वर दिले. घरी आलेल्या पोराची माफी मागणारा मृत्यू मला दुसरीकडं कुठं भेटला नाही. माझ्या पॅलाडिनची शपथ तेवढीच, दारात आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही. थैलीत रेशन कायम संपलेलं असतं.

कडक_भाकरी:
सगळ्यांचे आभार, चटकावाल्यांचं ऐकून डीएमकडून लिहून घेतलं. केलेमव्हॉर घेतला, ग्रेव्ह डोमेन, भांडणारा. रविवारी पहिलं सेशन झालं. शेवटचा गॉब्लिन पडला, पॅलाडिननं खायला हात पुढं केला, मी म्हणालो थांब, मी त्याच्याजवळ बसतो, त्याला विचारतो नाव काय तुझं. डीएमकडं नाव नव्हतं. गॉब्लिनची भाषा माझ्या शीटवर नाही. दोन मिनिटं तो गॉब्लिनमध्ये काहीतरी बडबडत राहिला, मी मराठीत.
चादर झटकली तेव्हा ती एक शेंग उरली होती. मित्राच्या आईनं कठड्यावर ठेवली, सकाळी नव्हती म्हणे.