अनुभव धागा : पळणारा मासा आणि दोन फुटी टाकी

डोहकर :
माझ्याकडे सहा फुटी टाकी आहे हे ओळखीत कळल्यापासून लोक मासे आणून देतात. पिशवीत बहुतेक वेळा सिल्व्हर शार्क असतो, अधूनमधून पंगास. वाक्य ठरलेलं : 'आणला तेव्हा एवढासा होता हो.' बरोबरच आहे. दुकानात सिल्व्हर शार्क दोन-तीन इंचांचा मिळतो, पूर्ण वाढला की फूटभर होतो. शार्क फक्त नावाला. हा आपल्या रोहू-कटल्याच्या गोतातला, आग्नेय आशियातल्या नद्यांत थव्यानं फिरणारा मासा.

लिटरचा हिशेब सगळेच सांगतात, मला तो अपुरा वाटतो. 24 × 12 × 15 इंचांची आडवी टाकी घ्या आणि 12 × 12 × 30 इंचांची उभी घ्या, ती कोपऱ्यात शोभेलशी मिळते ना, तसली. पाणी दोन्हींत सत्तर लिटरच. पण आडवीत माशाला दोन फूट पळता येतं, उभीत एकच. त्यात उभीचा पृष्ठभाग निम्मा, त्यामुळे हवेतून पाण्यात जाणारा ऑक्सिजनही कमी. दुकानात कुणी लांबी विचारत नाही, सगळे विचारतात 'किती लिटरची?'

घरी, शेजारी, ऑफिसात असं काही पाहिलं असेल तर लिहा. 'टाकीएवढाच मासा वाढतो' याबद्दल कुणाला खात्रीनं सांगता आलं तर फार बरं. शास्त्रीय नाव नसलं तरी चालेल, मासा वागत कसा होता ते हवं.

नंबर_लावा :
मी नाशिकला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. वेटिंगमध्ये तीन फुटी टाकी, तिच्यात दोन 'ब्लॅक शार्क'. ते पंगास आहेत हे मला एका पेशंटनं सांगितलं. ते मासळीचे व्यापारी. म्हणाले, 'ताई, हे आम्ही किलोवर विकतो. हॉटेलात बासा म्हणून खाता ना, तोच.' डॉक्टरांना सांगितलं तर ते आधी हसले आणि मग शोधत बसले. हा मासा चार फुटांपर्यंत वाढतो म्हणे!

वागणं सांगते. सकाळी मी लाइट लावला की दोघे एकदम उधळायचे आणि धाडकन काचेवर. नाकाशी कायम लाल, सोललेलं. मुलं काचेवर टकटक करायची, तेव्हा तर एक जण तळाशी आडवा पडून राहायचा, मेल्यासारखा. दहा मिनिटांनी पुन्हा फिरायला लागायचा. पहिल्यांदा मी रडायचीच बाकी होते. मग आम्ही खोलीतला दिवा आधी लावायचा आणि टाकीचा नंतर, असं सुरू केलं. टाकीची मागची काच काळ्या कागदानं झाकली. आपटणं बरंच कमी झालं. फेऱ्या मात्र तशाच, या काचेपासून त्या काचेपर्यंत, दिवसभर. शेवटी डॉक्टरांच्या मेहुण्यांच्या शेततळ्यात गेले.

डोहकर :
ताई, दिवे पाठोपाठ लावायची युक्ती उत्तम. पंगासची नजर अधू, तो दचकतो लवकर. शिवाय वर येऊन हवा घेऊ शकत असल्यानं खराब पाण्यातही तग धरतो. दुकानदारांना तो परवडतो त्याचं हेही एक कारण. शेततळ्याबद्दल एकच विचारतो : पावसाळ्यात भरून वाहतं का? तिथून ओढ्यात गेला तर आपण एकाची सोय करून ओढ्याची गैरसोय करतो.

नंबर_लावा :
विचारून सांगते. आतून प्लास्टिकचा कागद आहे, कडेला बांध आहे एवढं माहीत आहे.

पट्टेरी :
थोडा उलटा सूर लावतो. मी झेब्रा डॅनिओवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. हा मासा आपलाच, भारत, बांगलादेश, नेपाळमधल्या ओढ्यांतला आणि भातखाचरांतला. दीड-दोन इंचांचा, पण एक मिनिट स्वस्थ नाही. आमच्याकडे तो साडेतीन लिटरच्या डब्यांत असतो, लिटरला साधारण पाच मासे या हिशेबानं. धाग्याच्या विषयाला हे अगदीच आडवं. तरी ते जगतात, अंडी घालतात, कारण प्रत्येक डब्यातून सतत गाळलेलं पाणी खेळतं आणि अमोनिया, नायट्राइट, तापमान रोज तपासलं जातं. ही यंत्रणा दिवाणखान्यात नसते. 'प्रयोगशाळेत चालतं' हा दाखला दुकानदारानं दिला तर त्याला आमच्या माशांच्या रूमचं लाइट बिल दाखवा.

आणि टाकीएवढ्या वाढीबद्दल : गर्दीत ठेवलेली पिल्लं सावकाश वाढतात, हे आम्ही कायम बघतो. पण सावकाश वाढणं आणि टाकी बघून थांबणं यांत फरक आहे. घरच्या टाकीत वाढ खुंटलेली दिसते ती बहुधा साचलेल्या घाणीनं आणि उपासमारीनं. त्याला 'जुळवून घेतलं' म्हणणं मला पटत नाही.

वाघोबा :
टायगर बार्ब. दीड फुटी टाकी, चार नग, सोबत एक एंजल मासा. आठवड्यात टायगरनी एंजलच्या लांब परांच्या झिरमिळ्या केल्या. भावाच्या तीन फुटी टाकीत तेच टायगर दहा-बारा आहेत, ते आपसांतच भांडतात, बाकीच्यांकडे बघत नाहीत. एंजल मात्र त्यानंही ठेवलेला नाही.

ओढ्याकाठी :
आमचं गाव आंबोलीच्या पायथ्याशी. ओढ्यात जायंट डॅनिओच्या जातीचे मासे भरपूर, अंगावर निळ्या-पिवळ्या रेघा, बोटाहून जरा लांब. पाणी खडकावरून पडतं तिथे खाली घोळक्यानं उभे असतात. उभे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहत एकाच जागी! पोरं बाटलीत धरून आणतात आणि बाटली ओट्यावर ठेवली की एखादा तासाभरात जमिनीवर असतो. चुलतभावानं हौसेनं टाकी घेतली, झाकण घेतलं नाही. सकाळी केर काढताना काकूला काय काय सापडलं ते ती अजून सांगते.

मला वाटतं लांबीइतकीच वाहत्या पाण्याचीही गोष्ट आहे. आम्ही नंतर पॉवरहेड लावून एका बाजूनं जोराचा झोत सोडला, तेव्हा ते काच सोडून झोतात जाऊन थांबले. केरळच्या नद्यांतली 'मिस केरला' म्हणून महागात विकली जाते, तीही अशाच पाण्यातली. 2013 मध्ये तिच्या वंशाला (जीनस) 'सह्याद्रिया' नाव दिलं गेलं. सहा इंचांपर्यंत वाढते, थव्यानं राहते, निसर्गात संकटग्रस्त आहे. ती लोक दोन फुटी टाकीत एकटीच ठेवतात तेव्हा मला त्या किमतीचं जास्त वाईट वाटतं की माशाचं, सांगता येत नाही.

काचवाला :
माझं ॲक्वेरियमचं दुकान आहे, पुण्यात. शिव्या खायला तयार होऊनच लिहितोय. गिऱ्हाईक दारातून येतं, लहान मुलगा पुढे. मुलाचं बोट कुठे जातं? पळणाऱ्या माशाकडे. चांगला फायटर मासा एका जागी पर पसरून असतो, त्याला 'हा आजारी आहे का?' विचारतात. त्यामुळे जो मासा छोट्या टाकीत ठेवू नये तोच सगळ्यात आधी विकला जातो. मी आता सिल्व्हर शार्कच्या टाकीला फूटपट्टी चिकटवली आहे आणि बारा इंचांवर लाल खूण केली आहे. निम्मे लोक खूण बघून बेत बदलतात. उरलेले म्हणतात, 'तेव्हाचं तेव्हा बघू.'

बागडेबाई :
जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. इथे दुकानात झेब्रा डॅनिओ मागितले तर बाईंनी आधी टाकीची लांबी विचारली. आमची नेहमीची 60 × 30 × 30 सेंटिमीटरची, 54 लिटरची. म्हणाल्या, '80 सेंटिमीटर हवी.' दीड इंचाच्या माशाला! नवरा चिडला, मला गंमत वाटली. आम्ही मासा बदलला आणि 54 लिटरमध्ये छोट्या लाल कोळंब्या ठेवल्या. मुलीला त्या जास्त आवडल्या, कारण त्या जेवताना दिसतात.

भाडेकरू :
सगळे 'मोठी टाकी घ्या' म्हणतायत म्हणून. 48 × 18 × 18 ची टाकी म्हणजे अडीचशे लिटर, नुसतं पाणीच अडीचशे किलो. काच, खडी, स्टँड वेगळा. आमची जुनी इमारत, तिसरा मजला. ओळखीच्या इंजिनिअरनं येऊन बघितलं आणि सांगितलं, तुळईवर, भिंतीला लावून ठेवा, खोलीच्या मधोमध नको. मालकांनी ऐकताक्षणी नाही म्हटलं. मग पळणारा मासा नाहीच घेतला. अकरा महिन्यांचा करार असलेल्या माणसानं दहा वर्षं जगणारा मासा घ्यावा का, हाही प्रश्न आहेच.

नवा_सभासद :
माझ्याकडे दोन सिल्व्हर शार्क, सात-आठ इंचांचे, टाकी अडीच फुटी. नवी मुंबई. कुणी घेईल का? शेजारी म्हणतात तलावात सोडा.

डोहकर :
तलावात नको. काचेवरचं शेवाळ खाणारे सकर मासे असेच सोडलेले, आज उजनीच्या कोळ्यांच्या जाळ्यात येतात. माझ्याकडे जागा आहे, घेतो. आदल्या दिवशी खायला घालू नका. पिशवीत न आणता झाकणाच्या बादलीत आणा, बादली निम्मी भरा, पाणी त्यांच्याच टाकीतलं, झाकणावर कापड. बॅटरीवरचा एअर पंप असेल तर लावा. शक्यतो रात्री निघा, उजेडात ते उसळून झाकणावर आपटतात. पत्ता निरोपातून कळवतो.