‘डुप्लिकेट कन्टेन्ट’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिनी:
दादरच्या एका साडीवाल्यांच्या संकेतस्थळाची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. एकच पैठणी चार पत्त्यांवर उघडते: मूळ पान, रंग निवडून येणारं, किमतीच्या क्रमाने येणारं आणि छापण्यासाठीचं. या ‘डुप्लिकेट कन्टेन्ट’ला मी ‘नक्कल मजकूर’ लिहिलं. मालक भडकले, “आम्ही कुणाची नक्कल केली?” दुसरा शब्द सुचवा. आणि त्या चारांतून गूगल जे एक निवडतं, त्या ‘कॅनॉनिकल’लाही.

पार्लेकर:
मालकांचं बरोबर आहे. मुंबईत डुप्लिकेट म्हणजे बनावट माल, नक्कलचंही तेच. गूगलला इथे चोरी दिसतच नाही. सारखी पानं एका गटात घालायची, त्यातलं एक दाखवायचं, बस्स. अशा पानांना शिक्षा होत नाही हे गूगलने २००८ मध्येच सांगितलंय. दुसऱ्यांचा मजकूर उचलून पानं भरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. म्हणून ‘दुबार मजकूर’. मतदार यादीत नाव दुबार असलं म्हणून माणूस खोटा ठरत नाही, नोंद दोनदा झालेली असते.

लातूरकर ठाण्यात:
दुबार नको हो. आमच्याकडे दुबार पेरणी म्हणजे पहिली वाया गेली. हा शब्द ऐकला की अजून पोटात गोळा येतो. त्यापेक्षा ‘डुप्लिकेट’च ठेवा. डुप्लिकेट चावीला कोण बनावट म्हणतं?

जुनी मोडी:
‘नक्कल’ इतक्या सहज टाकू नका. माझे वडील धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात कारकून होते. तिथे नक्कल मिळवायला अर्ज करावा लागे, शुल्क भरावं लागे, मग शिक्का. ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ म्हणजे शब्दाला शब्द लागणारी, विश्वासाची प्रत. अरबी ‘नक्ल’चा अर्थच उतरवून घेणं. मिमिक्रीवाल्यांमुळे शब्द बदनाम झाला म्हणून आपणही सोडायचा का?

अनुवादिनी:
पण काका, माझा वाचक दुकानदार आहे. त्याने कोर्टाची पायरी चढलेली नाही.

सुलेखा गिरगाव:
कॅनॉनिकलला ‘प्रमाण पान’. प्रमाणभाषा, प्रमाणवेळ आहेच की. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, तीच आपली प्रमाण प्रत.

पार्लेकर:
नाथांनी पाठ शुद्ध केला. गूगल मजकुराला हात लावत नाही, आहे त्यातलंच एक उचलतं. शिवाय ‘प्रमाण’ म्हटलं की विषय संपतो. पानाच्या कोडमध्ये टाकायची कॅनॉनिकलची खूण २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आणली, पण गूगलसाठी तो आदेश नाही, नुसता संकेत आहे. मालकाने एक पान सांगावं आणि गूगलने दुसरंच निवडावं, असं होतं. आतले दुवे, साइटमॅप (संकेतस्थळातल्या पानांची यादी), ३०१ रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे कायमचं वळवणं) हेही बघितलं जातं. म्हणून शब्द दोन हवेत: मालकाचं ‘सुचवलेलं पान’, गूगलचं ‘ग्राह्य पान’.

जुनी मोडी:
मूळ ग्रीक ‘कानोन’, म्हणजे मोजायची काठी. तोच अरबीत ‘कानून’ झाला. ‘कानूनी पान’ म्हणा, शब्द घरचाच आहे.

लातूरकर ठाण्यात:
‘कानूनी’ वाचून साडीवाले पुन्हा भडकतील. त्यांना खटलाच आठवणार.

सुलेखा गिरगाव:
आणि मराठीत ‘कायदेशीर’ असताना ‘कानूनी’ कशाला? हिंदी वाटतं. अशानेच मराठी पातळ होते.

जुनी मोडी:
‘कायदा’ही अरबीच आहे, ताई.

सुलेखा गिरगाव:
असेल. पण तो आपल्याकडे मुरलाय. मुरलेला शब्द आणि काल हिंदी मालिकांतून आलेला शब्द यांत फरक करायलाच हवा.

अनुवादिनी:
एक राहिलंच. मालक विचारतात, इंग्रजी पान मराठीत केलं की तेही डुप्लिकेट धरतात का?

पार्लेकर:
नाही. नीट केलेला अनुवाद वेगळा मजकूर धरतात. निर्धास्त करा.

लातूरकर ठाण्यात:
मोडीकाका, ‘बरहुकूम’ अजून कुणी बोलतं का? आमचे आजोबा ‘ठरल्याबरहुकूम’ म्हणायचे.

जुनी मोडी:
मी रोज म्हणतो. फारसी ‘बर’ आणि अरबी ‘हुक्म’. त्याचा वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.