मॅक्स ७२१९ ची १२ मॉड्यूलची साखळी: पाचव्यापासून पुढे कचरा का दिसतो?

मॅट्रिक्सवाला:
८×८ एलईडींची १२ मॉड्यूल्स एकामागे एक जोडली आहेत, प्रत्येकावर एक मॅक्स ७२१९ (एलईडी चालवणारी चिप). कंट्रोलर ईएसपी३२, तिन्ही सिग्नल (डेटा, क्लॉक, लोड) थेट त्याच्या पिनांवरून, क्लॉक ८ मेगाहर्ट्झ. ५ व्होल्ट फक्त पहिल्या मॉड्यूलच्या बाजूने दिले आहेत. पहिली चार व्यवस्थित चालतात. पुढे चित्र फाटतं, मध्येच एखादं मॉड्यूल पूर्ण पेटतं किंवा विझतं आणि रीसेट करेपर्यंत तसंच राहतं. पाचवं मॉड्यूल बदलून पाहिलं, फरक नाही. चौथ्याचा डीआउट (डेटा पुढे देणारी पिन) गेला असेल का?

चढती_कड:
डीआउटवर संशय घेऊ नका. डेटा प्रत्येक चिप ५ व्होल्टच्या पातळीवर नव्याने पुढे देते. क्लॉक (बिट कधी वाचायचा ते सांगणारा) आणि लोड (आलेला शब्द पक्का करणारा) मात्र बाराही चिप्सना एकाच तारेवरून जातात, दुखणं तिथे आहे. ५ व्होल्टवर या चिपला 'हाय' म्हणून किमान ३.५ व्होल्ट लागतात, ईएसपी३२ च्या पिनांवरून तुम्ही देताय ३.३. टेबलावर चार मॉड्यूल्स चालतात ती केवळ चिपच्या मेहेरबानीने.

लांब तारेवर कड (सिग्नल खाली-वर बदलतो तो क्षण) लोळते किंवा थरथरते आणि एकच कड दोनदा मोजली जाते. सातव्या ओळीचा १६ बिटांचा शब्द घ्या (दुसरे चार बिट पत्ता, शेवटचे आठ डेटा): ०००० ०१११ १००० ०००१. डेटाच्या मधल्या शून्यांपैकी एक दोनदा आत गेलं, तर लॅच (पक्कं) होतं ०००० ११११ ०००० ०००१. पत्ता १५, म्हणजे डिस्प्ले टेस्ट चालू; मॉड्यूल पूर्ण पेटलं. सहावी ओळ कोरी असताना हेच झालं तर पत्ता १२ वर शून्य जातं, म्हणजे शटडाउन. तुमची दोन्ही लक्षणं यातच आली.

७४एचसीटी१२५ (सिग्नल ५ व्होल्टच्या पातळीवर नेणारी चार गेटांची बफर चिप) लावा, ५ व्होल्टवर, कंट्रोलरच्या अगदी जवळ. इनेबलच्या चारही पिना ग्राउंडला. प्रत्येक आउटपुटवर ४७ ते १०० ओहम सिरीजमध्ये. चौथं गेट उरतं, त्यातून दुसरा क्लॉक काढा: सहा मॉड्यूल्स एकावर, सहा दुसऱ्यावर. दोन्ही फाट्यांत थोडा उशीर-फरक पडला तरी चालतो, कारण डीआउट उतरत्या कडेवर बदलतो आणि डीआयएन (डेटा आत घेणारी पिन) चढत्या कडेवर वाचला जातो.

मॅट्रिक्सवाला:
हाताशी ७४एचसी२४५ ही बफर चिप आहे, आणि चार चॅनेलचं मॉसफेटवालं लेव्हल शिफ्टर (व्होल्टेजची पातळी बदलणारं) बोर्ड. यातलं काही चालेल?

चढती_कड:
दोन्ही नाही. एचसीला ५ व्होल्टवर स्वतःलाच साधारण ३.५ व्होल्ट हवेत, म्हणजे अडचण एक पायरी मागे सरकली इतकंच. एचसीटीला २ व्होल्ट पुरतात. मॉसफेटच्या बोर्डावर कड वर खेचायला १० किलोओहमचा पुलअप रेझिस्टर असतो. तारेची १०० पिकोफॅरड धरली तरी टाइम कॉन्स्टंट (कड चढायला लागणाऱ्या वेळेचं माप) १ मायक्रोसेकंद. ८ मेगाहर्ट्झचं अख्खं चक्रच ०.१२५ मायक्रोसेकंदाचं.

जाड_ग्राउंड:
बफर हवाच, पण पुरवठाही एका टोकाकडून नको. आरसेट (एलईडींचा प्रवाह ठरवणारा रेझिस्टर) ९.५३ किलोओहम असेल आणि सगळे सेगमेंट (एलईडी) पेटले, तर एक चिप ३३० मिलिअँपिअरपर्यंत घेते. बारांचे जवळपास ४ अँपिअर बारीक ग्राउंड ट्रॅकमधून परतले की शेवटच्या चिपचं ग्राउंड वर उचललं जातं. ते ०.४ व्होल्ट उचललं तर तुमचे ३.३ तिच्या लेखी २.९. सगळं पेटवून पहिल्या आणि बाराव्या मॉड्यूलच्या ग्राउंडमधला फरक मल्टिमीटरने मोजा. तारा जाड घ्या, दोन्ही टोकांना पुरवठा द्या, जमल्यास मध्येही. प्रत्येक चिपलगत ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक आणि १० मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक. स्वस्त बोर्डांवर चिपच्या पिन ४ आणि ९ दोन्ही ग्राउंडला आहेत ना, हेही तपासा.

रजिस्टर_नऊ:
कोडकडेही बघा. १२ × १६ = १९२ बिट जाईपर्यंत लोड खालीच राहायला हवा. एसपीआयचा (कंट्रोलरच्या सिरियल डेटा पाठवण्याच्या सोयीचा) हार्डवेअर सिलेक्ट लोडसाठी वापरला आणि तो प्रत्येक बाइटनंतर वर जात असेल, तर अर्धवट शब्द लॅच होतात. लोड साध्या पिनवर घेऊन स्वतः हलवा. एसपीआयचा मोड ० ठेवा.

क्लॉक १ मेगाहर्ट्झवर आणा. आठ ओळींना मिळून साधारण दीड मिलिसेकंद लागतात, डोळ्याला कळतही नाही. वेग कमी करून दोष गेला तर टायमिंग अपुरं होतं. तरीही राहिला तर कड किंवा ग्राउंड, कारण पिनची कड १ मेगाहर्ट्झवरही तितकीच तीक्ष्ण असते.

दर सेकंदाला डिस्प्ले टेस्ट ०, डिकोड ०, स्कॅन लिमिट ७, ब्राइटनेस आणि शटडाउन रजिस्टरमध्ये १ पुन्हा लिहा. अडकलेलं मॉड्यूल रीसेटशिवाय सुटेल. मात्र हे बफर लावून झाल्यावरच कोडमध्ये घाला. आधी घातलंत तर दोष झाकला जाईल आणि काय सुधारलं ते समजणार नाही.