अमळनेरहून दिग्दर्शनाकडे: आधी मुंबईत सहायक, की इथेच अहिराणी लघुपट?

बोरीकाठ
भाची अमळनेरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिका तीच बसवते. तिला सिनेमा दिग्दर्शित करायचा आहे, पंधरा पानांची अहिराणी पटकथा तयार आहे. घरचे म्हणतात, मुंबईला कुणाच्या तरी हाताखाली लाग. तिचं म्हणणं, आधी इथेच लघुपट करते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचाही विचार चालू आहे. कोणत्या वाटेने काय हाती लागतं आणि मुली नेमक्या कुठे अडकतात, हे जाणकारांनी सांगावं.

क्लॅप_टेक
अडकतात त्या कामाच्या वाटपात. दिग्दर्शन विभागात एका सहायकाकडे क्लॅप (शॉटच्या सुरुवातीला दाखवायची पाटी), एकाकडे कंटिन्युइटी (एका शॉटमधले कपडे, वस्तू, हालचाली पुढच्या शॉटशी जुळवणं), एकाकडे कपडे आणि मुख्य सहायकाकडे शेड्युल व सेट असतो. मुलगी आली की तिला बहुतेक वेळा कपडे किंवा कंटिन्युइटी देतात. ही कामं हलकी नाहीत. कंटिन्युइटी चुकली तर एडिटिंगला सीन जोडताच येत नाही. पण चार सिनेमे तिथेच काढले, तर गर्दी कशी हलवायची, उजेड जायच्या आत कोणता शॉट सोडायचा, हे ठरवायची वेळ तिच्यावर कधीच येत नाही. निर्माता मात्र पुढे तेच विचारतो. म्हणून पहिल्या सिनेमाला कंटिन्युइटी करावी आणि दुसऱ्याला कॉलशीट (कोणी, कधी, कुठे हजर राहायचं याचा रोजचा कागद) व शेड्युलचं काम मागून घ्यावं. करार लेखी हवा, श्रेयनामावलीतलं पद त्यातच लिहिलेलं.

आणखी एक. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. अध्यक्ष महिला, एक सदस्य संस्थेबाहेरचा. समितीतल्यांची नावं आणि फोन कॉलशीटवर मागावेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. आउटडोअरला खोलीत सोबत कोण आणि रात्रीच्या शिफ्टनंतर गाडी कोणती, हे निघण्याआधीच ठरवून घ्यावं.

तापीथडी
मुंबई आधीच हवी, हे मला पटत नाही. सुमित्रा भावे समाजकार्यातून आल्या. पहिला लघुपट ‘बाई’ 1985 चा, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. पुढे सुनील सुकथनकरांसोबत त्यांनी केलेल्या ‘कासव’ला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं. सई परांजपे रेडिओ, बालनाट्य, एनएसडी (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय), दूरदर्शन अशा वाटेने ‘स्पर्श’पर्यंत पोचल्या. रीमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ (2017) आसाममधल्या स्वतःच्या गावात, गावातलीच मुलं घेऊन केला. लेखन, कॅमेरा, संकलन सगळं स्वतः. भाचीला सगळ्यात जवळचं उदाहरण हेच आहे.

इन्स्टिट्यूटचा दिग्दर्शन-पटकथा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पदवी कुठलीही चालते, प्रवेश परीक्षेतून. तिथला मोठा लाभ म्हणजे सोबत शिकणारे छायाचित्रकार आणि ध्वनिमुद्रक, पुढे तेच आपले सहकारी होतात. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 2024 मध्ये ग्राँ प्री पुरस्कार मिळवणाऱ्या दिग्दर्शिका पायल कपाडिया तिथल्याच.

मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांवर माहितीपट केला फैजा अहमद खान यांनी, आणि त्याच मंडळींवरचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ रीमा कागती यांनी. बाहेरच्या दोन दिग्दर्शिकांनी आपल्या शेजारच्या गावाची गोष्ट सांगितली. आता इथलीच मुलगी इथली गोष्ट सांगते म्हणत असेल तर तिला थांबवू नका.

केळीबाग_रावेर
इथे शूटिंग करायचं तर पंधरा पानांना पाच दिवस धरा, दिवसाला तीन पानं. एप्रिल-मे टाळा. 44 अंशांत मिररलेस कॅमेरा फोर-केवर तापून बंद पडतो आणि दुपारची सावली डोळ्यांखाली खड्डे पाडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. बाहेरचे सीन सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर, मधल्या वेळेत घरातले.

केळीच्या बागेत चेहऱ्यावर हिरवट छटा येते. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातलं रंग जुळवायचं सेटिंग) ऑटोवर ठेवला तर शॉटगणिक रंग बदलतो, तो हाताने लॉक करा. चेहऱ्यावर उजेड परतवायला एका बाजूला पांढरा थर्माकोल, हिरवी छटा अडवायला हिरव्या बाजूला काळा कपडा. पानांची सळसळ संवादावर बसते, म्हणून बूमसोबत (काठीवर वरून धरलेला माइक) कपड्याला लावायचा लेपल माइक हवाच. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा, नाहीतर एडिटिंगला संवादांमधल्या फटी ऐकू येतात. दिवसाचं फुटेज त्याच रात्री दोन वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या. पैसे कमी पडले तर लेन्सवर वाचवा, आवाजावर नको.

बोलीकडेही लक्ष असू द्या. धुळ्याकडची अहिराणी आणि यावल-रावेरची लेवा बोली एकाच घरातल्या पात्रांच्या तोंडी आली, तर इथला प्रेक्षक पहिल्याच सीनला तुटतो.

बोरीकाठ
सगळ्यांचे आभार. पटकथेत बैलजोडी आहे आणि विडी ओढणारे आजोबा. त्याला परवानगी लागते का? आणि झाल्यावर लगेच यूट्यूबवर टाकायचा का?

क्लॅप_टेक
बैलांसाठी पशुकल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते, सोबत पशुवैद्यकाचा दाखला. नंतर धावपळ करून उपयोग नाही, सेन्सॉरला अर्ज तिथेच अडकतो. विडीच्या सीनला पडद्याच्या तळाशी इशारा, शिवाय सुरुवातीला आणि मध्ये आरोग्यसंदेश लागतो. विडी कथेला नको असेल तर काढूनच टाका.

यूट्यूबची घाई करू नका. आधीच सगळ्यांसाठी खुला झालेला लघुपट बरेच महोत्सव घेत नाहीत. वर्षभर महोत्सवांना पाठवा, नियम वाचून. राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायचा तर सेन्सॉर प्रमाणपत्र हवंच. आणि पटकथा कुणालाही वाचायला देण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनची सदस्य होऊन भाचीच्या नावावर नोंदवा.