मदत हवी आहे : 'सैराट' प्रेमकथेच्या यादीत ठेवायचा का?

आमच्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळासाठी मराठी चित्रपटांची सूची करतेय. एका चित्रपटाला एकच विभाग, ही अट बदलता येणार नाही. वेगळा 'सामाजिक' विभागही आहे. अडलंय ते 'प्रेमकथा' आणि 'प्रेमविनोदी' या दोन विभागांत.

'मुंबई-पुणे-मुंबई' (2010) सरळ प्रेमविनोदीत गेला. 'अशी ही बनवाबनवी'त (1988) जोड्या जमतात, पण कथा चालते ती भाड्याच्या खोलीसाठी केलेल्या सोंगावर, म्हणून तो विनोदीत टाकला.

आधी एक कसोटी लावली : प्रेमाचा धागा काढला तर कथा उरते का? उरली, तर ती प्रेमकथा नाही. बरेच चित्रपट यातून सुटले. मग अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेची व्याख्या पाहिली. त्यांना दोन गोष्टी लागतात : मध्यवर्ती प्रेम आणि समाधान देणारा, आशादायी शेवट. ही लावली की 'सैराट' (2016) बाहेर पडतो, आणि ते मला पटत नाही. आर्ची-परश्याचं प्रेम काढलं तर त्या चित्रपटात उरतं काय? पण तो 'प्रेमकथा' म्हणून घरी नेणाऱ्याला त्या शेवटाची काहीच कल्पना नसेल, हेही खरं. 'ती सध्या काय करते' (2017) तर आणखी मधला : हलकाफुलका, पण दोघं एकत्र येत नाहीत.

सूचीत शेवट उघड करायचा नाहीये, त्यामुळे 'शोकांत' असा शेरा नको. प्रेक्षकांना विचारून झालंय, निम्मे इकडे, निम्मे तिकडे.

ग्रंथालयात किंवा चित्रपट मंडळात वर्गीकरण केलेल्यांनी सांगावं : विभाग ठरवताना शेवट धरता की कथेचा गाभा? आणि जोडी न जमणारा चित्रपट प्रेमविनोदीत ठेवता का?